मृगापूर्वीचा महिना: ‘मे १८१८’ या भित्तिपटाच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत उन्हाळी प्रदर्शनाचा विषय आज ठरला. मूळ सूचना ‘मे महिन्यातील ऐतिहासिक घटना’ अशी होती आणि तिच्यासाठी यादी करणे मुळीच कठीण नव्हते. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १० मे १८५७ रोजी मीरतच्या छावणीत उठाव झाला, ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. या घटना कितीही महत्त्वाच्या असल्या तरी महिना सोडल्यास त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि वर्तमानपत्रातील दिनविशेषाचे सदर हे काम रोज करतच असते. त्यामुळे एकाच वर्षाचा एकच मे महिना घेऊन त्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत काय चालले होते ते एका नकाशावर मांडावे, असा निर्णय झाला. वर्ष १८१८ निवडले.

निवडीमागचे कारण येथे नोंदवून ठेवतो. शालेय पुस्तकांत पेशवाईचा शेवट सांगताना खडकी, कोरेगाव आणि आष्टी या तीन लढायांवरून थेट ३ जून १८१८ या शरणागतीच्या तारखेवर उडी मारली जाते. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत पेशवा दुसरा बाजीराव पळत होता एवढेच वाचकाच्या लक्षात राहते. प्रत्यक्षात त्याच काळात, आणि विशेषतः मे महिन्यात, रायगड, सोलापूर, चांदा (आजचे चंद्रपूर) आणि मालेगाव अशा चार ठिकाणी मोठे वेढे पडले होते, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणच्या शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरील फौजेला, पेशव्याकडून वेळेवर मदत किंवा हुकूम मिळण्याची शक्यता उरलेली नव्हती.

२० फेब्रुवारी

आजचे काम एप्रिलअखेरची स्थिती एका पटात बसवण्याचे होते. योगायोगाने आज आष्टीच्या लढाईचीच तारीख आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी तेथे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्याआधी १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला पडला होता आणि दुसऱ्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला होता. बाजीरावाचे राज्य खालसा झाले असून छत्रपतींसाठी एक लहानसे राज्य राखून ठेवले जाईल, असे त्यात म्हटले होते. कराराप्रमाणे चालणाऱ्यांच्या इनामांना, वतनांना आणि देवस्थानांच्या खर्चाला हात लागणार नाही, हेही त्यात होते. या जाहीरनाम्याला पटात ठळक जागा द्यावी असे माझे मत आहे, कारण पुढे अनेक किल्लेदारांनी आणि सरदारांनी जो हिशेब केला तो या कागदाकडे पाहूनच केला असला पाहिजे. एप्रिलात प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवल्यानंतर ‘आता आपण लढतो आहोत ते कोणासाठी?’ हा प्रश्न प्रत्येक गडावर उभा राहिला असणार.

मार्चमध्ये सिंहगड आणि पुरंदर पडले, एप्रिलच्या आरंभी वासोटा पडला. नाशिकच्या बाजूला राजदेहेर आणि त्र्यंबक एप्रिलमध्येच गेले. दक्षिणेत टॉमस मन्रोने बेळगाव घेतले. एप्रिलच्या मध्यावर वर्धा नदीच्या टापूत शिवणीजवळ कर्नल अॅडम्सने बाजीरावाच्या फौजेला गाठून तिची पांगापांग केली आणि बाजीराव उत्तरेकडे, अशीरगडाच्या रोखाने निघाला. त्याचा भाऊ चिमाजीआप्पाही याच सुमारास त्याच्यापासून वेगळा होऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इतक्या घटना एका चौकटीत बसत नाहीत, म्हणून नकाशावर फक्त लाल ठिपके आणि तारखा ठेवायच्या, मजकूर द्यायचा नाही, असे ठरले.

२ मार्च

रायगडाचा तक्ता लिहायला घेतला. कर्नल प्रॉथरची पलटण एप्रिलच्या अखेरीस गडाखाली आली, तिने आधी पायथ्याची पेठ घेतली आणि नंतर समोरच्या डोंगरांवर तोफा चढवून गडावर गोळे टाकायला सुरुवात केली. त्या वेळी गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती आणि गडाच्या बंदोबस्ताला असलेल्या शिबंदीत अरबांचा मोठा भरणा होता. गोळ्यांनी लागलेल्या आगीत राजवाड्यासह गडावरील बहुतेक इमारती जळाल्या आणि १० मे रोजी शिबंदीने अटींवर गड खाली केला. गडावर सुमारे ५ लाख रुपयांची रोकड सापडली. वाराणसीबाईला संरक्षण देऊन पुण्याकडे जाऊ दिले.

मंडळातील काही सदस्यांना या तक्त्यावर शिवराज्याभिषेकाचे चित्र हवे होते. मी विरोध केला. रायगडाचे नाव आले की १६७४ कडे वळण्याची आपल्याला सवय आहे आणि त्या सवयीमुळे १८१८ चा रायगड कसा होता याकडे कोणाचे लक्ष जात नाही. १६८९ मध्ये तो मोगलांकडे गेला, पुढे काही दशके सिद्दीकडे राहिला आणि पेशव्यांच्या काळात परत आला. १८१८ मध्ये पेशव्याच्या दृष्टीने तो राजधानी मुळीच नव्हता. कुटुंब आणि खजिना सुरक्षित ठेवण्याची एक अवघड जागा एवढेच त्याचे महत्त्व होते. आज गडावर आपण जी जोती पाहतो, त्यांच्या वरचे लाकूडकाम नाहीसे होण्यात या मे महिन्यातील आगीचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट तक्त्यावर आली तरी पुरे.

९ मार्च

सोलापूरच्या तक्त्यासाठी जागा वाढवून मागितली, कारण या घटनाक्रमाला दिवसवार आधार आहे. मन्रो मूळचा मुलकी कारभारी म्हणून धारवाडकडे आला होता. हाताशी फौज थोडी होती, म्हणून त्याने स्थानिक शिपाई भरती करून बदामी आणि बेळगाव घेतले, आणि जनरल प्रिट्झलरची तुकडी येऊन मिळाल्यावर तो उत्तरेकडे सोलापूरवर आला. किल्ल्यालगत, तळ्याच्या आश्रयाने, गणपतराव पानसे यांच्या हाताखाली पेशव्याचे पायदळ आणि तोफा उभ्या होत्या. पानसे घराणे हे पेशवाईतील तोफखान्याचे परंपरागत सरदार, त्यामुळे बाजीराव फौज घेऊन पळत असताना मागे राहिलेला अवजड तोफखाना त्यांच्याकडे असणे स्वाभाविकच होते.

९ मे रोजी मन्रोने ठिकाण पाहून घेतले आणि १० मे रोजी पहाटे शिड्या लावून पेठ घेतली. बाहेरच्या फौजेने प्रतिकार केला, पण दिवस संपताना ती हटू लागली. प्रिट्झलरच्या घोडदळाने तिचा सीना नदीपर्यंत पाठलाग करून ती उधळून लावली. किल्ल्यावर तोफा लागू झाल्या, तटाला भगदाड पडले आणि १५ मे रोजी किल्ला स्वाधीन झाला. पेशव्याजवळ संघटित म्हणावे असे जे शेवटचे पायदळ होते, ते या पाच-सहा दिवसांत संपले. माझ्या मते लष्करी दृष्टीने या महिन्यातील सर्वांत निर्णायक घटना हीच आहे, आणि तरीही सोलापूरबाहेर तिची आठवण क्वचितच कोणाला असते.

रायगड आणि सोलापूर यांची तारीख एकच, १० मे, वार रविवार. कोकणात एक गड खाली होत असताना भीमेच्या खोऱ्यात दुसऱ्या किल्ल्याच्या पेठेला शिड्या लागत होत्या, आणि या दोन ठिकाणच्या माणसांना एकमेकांची खबर मिळायला बरेच दिवस लागले असतील. नकाशावर या तारखेसाठी स्वतंत्र पट्टी आखावी, आणि ती दोन्ही ठिपक्यांना जोडणारी असावी, असे चित्रकाराला कळवले आहे.

१८ मार्च

विदर्भाचा भाग. येथे दोन घटना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात, म्हणून त्या शेजारी शेजारी मांडायच्या आहेत.

पहिली घटना नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या सुटकेची. नागपूरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, जेनकिन्स याने मार्चमध्ये त्यांना अटक केली होती, आणि मेच्या आरंभी बंदोबस्तात त्यांना अलाहाबादकडे रवाना करण्यात आले. वाटेत जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या गावी मुक्काम असताना १३ मेच्या रात्री पहाऱ्यातील काही शिपायांना फितवून, शिपायाचाच वेष करून, ते तंबूतून निसटले. नंतर ते महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले आणि पुढे अनेक महिने त्यांनी इंग्रजांना त्या टापूत गुंतवून ठेवले. सगळीकडून शरणागतीच्या बातम्या येत असलेल्या महिन्यात इंग्रजांच्या बाजूची ही एक मोठी नामुष्की होती, आणि कंपनीच्या पलटणीतील देशी शिपायांच्या निष्ठा किती गुंतागुंतीच्या होत्या हेही तिच्यातून दिसते.

दुसरी घटना चांद्याची. बाजीरावाचा एप्रिलमधील रोख चांद्याकडेच होता. भोसल्यांच्या या बळकट शहराचा आश्रय मिळाला असता तर नागपूरकरांची आणि त्याची ताकद एकत्र आली असती. तो मार्ग वर्धा नदीच्या परिसरात रोखला गेला आणि मग अॅडम्सची फौज खुद्द चांद्यावर आली. झरपट आणि इरई नद्यांच्या मधले हे गोंड राजांचे जुने शहर मोठ्या परकोटाने वेढलेले होते आणि किल्लेदार गंगासिंग शरण यायला तयार नव्हता. २० मे रोजी तटाच्या भगदाडातून हल्ला झाला, त्यात गंगासिंग मारला गेला आणि शहर पडले. हल्लेखोरांच्या तोफखान्याचा प्रमुख मेजर उन्हाने आणि श्रमाने दगावला. चांद्याचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना याचे नवल वाटू नये. परतीच्या वाटेवर याच फौजेला पटकीने (कॉलऱ्याने) गाठले. १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरकडे उसळलेली ही साथ फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी पुढे सरकत होती आणि १८१८ च्या ऑगस्टमध्ये ती मुंबईला पोचली.

साथीसाठी वेगळा तक्ता करावा अशी सूचना आली होती. जागा नाही, म्हणून नकाशावर तुटक रेषेने तिची वाट दाखवण्यावर भागवले.

२७ मार्च

मालेगाव. या तक्त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आहे.

मोसम नदीच्या काठचा हा भुईकोट नारो शंकर राजेबहाद्दरांनी बांधवला. १८१८ मध्ये तो अरब शिबंदीच्या ताब्यात होता. खानदेशात अरबांच्या टोळ्या अनेक वर्षांपासून चाकरीत होत्या. त्यांच्यातील पुष्कळांची घरे-संसार तेथेच झाले होते आणि कित्येकांचे तुंबलेले पगार धन्याकडून यायचे होते. त्यांना चुकती रक्कम देऊन समुद्रमार्गे अरबस्तानात परत पाठवायचे, असे इंग्रजांचे धोरण होते. म्हणजे सह्याद्रीतल्या एखाद्या किल्लेदाराला गड सोडल्यावर आपल्या गावी, आपल्या वतनावर परतता येत होते, तसे या लोकांना येणार नव्हते. ते इतक्या निकराने का लढले याचे उत्तर शौर्याच्या वर्णनात शोधण्याऐवजी या अटीत शोधावे, असे मला वाटते. त्यात फेब्रुवारीच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेर येथे घडलेले प्रकरण सर्वांच्या कानावर होते. तेथे जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिले होते आणि शिबंदीची कत्तल झाली होती. अशा कृत्याने धाक बसून पुढचे काही किल्ले लवकर खाली झाले असतील, परंतु ज्यांच्यापाशी परतीची वाट नव्हती त्यांचा इंग्रजांच्या शब्दावरचा विश्वासही त्यानेच उडवला असणार.

कर्नल मॅकडॉवेल मेच्या मध्यावर मालेगावापाशी आला. आधीच्या मोहिमांमुळे त्याची माणसे थकलेली होती, दारूगोळा मोजका होता आणि पाऊस जवळ आला होता. वेढ्याचे काम सुरू होताच अरबांनी बाहेर येऊन मोर्चांवर छापे घातले. २९ मेच्या पहाटे भगदाडावर केलेला हल्ला साफ फसला, आणि त्यानंतर नवी कुमक येईपर्यंत फक्त नाकेबंदी चालू ठेवावी लागली. जूनमध्ये आणखी तोफा आणि माणसे आली, ११ जूनला किल्ल्यातील दारूच्या कोठारावर गोळा पडून मोठा स्फोट झाला आणि तट कोसळला. १३ जून रोजी शिबंदी बाहेर आली.

आमच्या भित्तिपटाची चौकट ३१ मे रोजी संपते. मालेगावचा शेवट तिच्याबाहेर पडतो, म्हणून उजव्या कडेला जूनची एक अरुंद पट्टी जोडण्याची परवानगी मागितली आहे.

३ एप्रिल

‘त्याच महिन्यात जगात’ असा एक छोटा तक्ता असावा, असा मुलांच्या विभागाचा आग्रह होता. दोनच नोंदी ठेवल्या. ५ मे १८१८ रोजी जर्मनीतील ट्रिअर येथे कार्ल मार्क्सचा जन्म झाला, आणि २३ मे रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथून ‘समाचार दर्पण’ या बंगाली साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. दुसरी नोंद माझ्या दृष्टीने अधिक उपयोगाची आहे. बंगाली वाचकाच्या हाती छापील बातमी येऊ लागली तेव्हा महाराष्ट्रातील बातमी अजून जासूद, हलकारे आणि सावकारांच्या पत्रांवरच चालत होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघायला १८३२ साल उजाडावे लागले.

९ एप्रिल

भित्तिपटाच्या तळाशी कालगणनेच्या दोन ओळी छापायच्या आहेत, त्यांचे गणित आज तपासून घेतले. १८१८ चा मे म्हणजे शके १७४० बहुधान्य संवत्सरातील चैत्राचा शेवट आणि वैशाखाचा बहुतेक भाग. १० मे ही तारीख वैशाख शुद्ध पक्षात येते. दफ्तरी कागदांवर मात्र सुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहायचा सन, असे, आणि तो सूर्य मृग नक्षत्रात शिरताना, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदले. मे १८१८ चे कागद त्यामुळे ‘समान अशर मयातैन व अलफ’, म्हणजे सुहूर १२१८ या सालचे ठरतात.

हा तपशील केवळ तज्ज्ञांसाठी आहे असे काही सदस्यांचे म्हणणे पडले, पण मला तो सगळ्या प्रकल्पाच्या मध्यभागी ठेवावासा वाटतो. दख्खनमध्ये वसुलीचे आणि चाकरीचे वर्ष मृगाशी जोडलेले होते, कारण त्यानंतर काळ्या जमिनीत तोफेचे गाडे रुततात, नद्या उतार देत नाहीत आणि घोड्यांचा चारा-दाणा पोचवणे अवघड होते. दसऱ्याला शिलंगण करून मुलूखगिरीवर निघायचे आणि मृगाआधी छावणीला परतायचे, हा मराठी फौजांचा नेम होता. १८१८ च्या मे महिन्यात ही मुदत दोन्ही बाजूंना सारखीच लागू होती. गड धरून बसलेल्यांना पाऊस सुरू होईपर्यंत टिकायचे होते, कारण नंतर वेढा उठवावा लागला असता किंवा निदान सैल पडला असता, आणि वेढा घालणाऱ्यांना नेमके त्याआधी काम उरकायचे होते. रायगडावरील भडिमार, सोलापूरची शिड्यांची घाई, चांद्याच्या उन्हातील हल्ला आणि मालेगावचा अपुऱ्या तयारीचा प्रयत्न या चारही गोष्टी त्या एका मुदतीने बांधलेल्या दिसतात. भित्तिपटाला ‘मृगापूर्वीचा महिना’ हे नाव द्यावे, असा ठराव मांडला आणि तो संमत झाला.

१७ एप्रिल

बाजीरावाचा तक्ता मुद्दाम शेवटी ठेवला होता. मे महिनाभर तो अशीरगडाच्या परिसरात, धोलकोटजवळ, उरलेल्या फौजेसह थांबून होता. अशीरगड शिंद्यांचा आणि तेथील किल्लेदार जसवंतराव लाड त्याला अनुकूल, त्यामुळे गडाचा आडोसा हाताशी होता. बुऱ्हाणपुराकडून जनरल डव्हटन जवळ येत होता आणि महू येथे सर जॉन माल्कम होता. महिन्याच्या मध्यावर बाजीरावाचे वकील माल्कमकडे पोचले आणि बोलणी सुरू झाली. १ जून रोजी खैरी येथे दोघांची भेट झाली आणि ३ जून रोजी बाजीराव त्याच्या छावणीत दाखल झाला. दख्खनमध्ये परत यायचे नाही, गादीवरचा हक्क सोडायचा, आणि सालीना किमान ८ लाख रुपयांची नेमणूक (तनखा) घेऊन उत्तरेत राहायचे, अशा अटी होत्या. ही रक्कम गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला फार वाटली, तरी दिलेला शब्द त्याने कायम केला. बाजीराव नंतर कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला राहिला आणि जानेवारी १८५१ मध्ये वारला. हेस्टिंग्जला ही नेमणूक इतकी वर्षे द्यावी लागेल असे वाटले नसावे.

तक्त्याच्या मजकुरात ‘पळपुटा’ हे विशेषण नको, असा मी आग्रह धरला आणि बराच वाद झाल्यावर तो मान्य झाला. बाजीरावाचा बचाव करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रायगडावर स्वतःची पत्नी वेढ्यात असताना आणि सोलापुरात स्वतःचा तोफखाना लढत असताना हा माणूस शेकडो मैल दूर होता, ही वस्तुस्थिती नकाशाच दाखवतो, आणि ती पाहून वाचकाला हवे ते विशेषण तो स्वतः लावू शकतो. शरण आल्यानंतर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच्याच छावणीतील अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याचा तंबू घेरला आणि माल्कमला मध्ये पडावे लागले. मालेगावात अरब अजून लढतच होते ते हेच दिवस. या दोन नोंदी जूनच्या पट्टीत एकाखाली एक येतील.

२४ एप्रिल

छपाईला देण्यापूर्वीची शेवटची वाचणी आज झाली. मुलकी कारभाराचा तक्ता मी आखूड केला. पुण्यात रॉबर्टसन, खानदेशात ब्रिग्ज, साताऱ्यात ग्रँट आणि नगरकडे पॉटिंजर अशा नेमणुका एल्फिन्स्टनने केल्या. जुनी वहिवाट शक्य तितकी चालू ठेवावी, असा त्याचा कल होता. यातील ग्रँट म्हणजेच पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना निफाडजवळ अहेरगाव येथे पकडले गेले ते जूनच्या अखेरीस, म्हणून त्यांचे नाव जूनच्या पट्टीत शेवटी घेतले.

नकाशावर आता मे महिन्याचे चार मोठे ठिपके, आप्पासाहेबांच्या सुटकेची एक वळणदार रेषा, पटकीची तुटक रेषा आणि वरच्या कडेला धोलकोट आहे. जूनच्या पट्टीला मंजुरी मिळाली असून तिच्या आरंभी, ३ जून आणि १३ जून यांच्या मध्ये, मृग नक्षत्राची उभी रेघ हिरव्या रंगात छापली जाईल.